रफ दाखव

पहाटे ५.१०
लातूर, औसा रोडच्या आतली गल्ली. दोन खोल्या, भाडं साडेपाच हजार. सर उठलेत. त्यांचं नाव इथे देत नाही. पोरं नुसतं 'डाऊट सर' म्हणतात, आपणही तेच म्हणू. वय छत्तीस. एम.एस्सी. गणित. आधी एका कॉलेजात चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. मानधन सहा-सहा महिन्यांनी हातात पडायचं. मग ट्यूशन एरियात आले. आता एका क्लासच्या डाऊट काउंटरवर बसतात. महिना अठ्ठावीस हजार. फळ्यावर शिकवणारे सर वेगळे, होर्डिंगवर फोटो त्यांचे.

५.३०
चहा झाला. जमिनीवर सतरंजी, पुढ्यात उतारावर ठेवलेला पाट. पाठकोऱ्या कागदांची चळत, दहा रुपयांचं जेल पेन, पट्टी, कंपास. हे काम वेगळं. एका गाइडसाठी गणितं सोडवून, पायऱ्या लिहून द्यायच्या. एका गणिताचे पस्तीस रुपये. सकाळी सहा ते आठ गणितं होतात.

आजचं तिसरं गणित: √(क्ष + ७) = क्ष − ५. मुलं एक्स म्हणतात, मी क्ष लिहितो. दोन्ही बाजूंचा वर्ग केला, सगळं एकीकडे आणलं: क्ष² − ११क्ष + १८ = ०. अवयव पडले, ९ आणि २. सोबत आलेल्या उत्तरसूचीतही 'क्ष = ९ किंवा २'.

सर थांबले. मूळ समीकरणात २ घातले. डावीकडे √९, म्हणजे ३. उजवीकडे २ वजा ५, म्हणजे उणे ३. तीन बरोबर उणे तीन कसे होतील? वर्ग करताना उणेचं चिन्ह पुसलं जातं, तेवढ्या वाटेनं हा दोन आत शिरला. सरांनी तो खोडला. समासात लिहिलं, 'ताळा घेतला, २ चालत नाही, सूची दुरुस्त करावी.' दुरुस्तीचे वेगळे पैसे नाहीत. न लिहिता पुढे गेले असते तरी पस्तीस मिळालेच असते.

८.४०
मोटारसायकल. शंभराचं पेट्रोल तीन दिवस पुरवायचं. कागदाचं रिम घ्यायला आज गोलाईवरून वळसा. गंजगोलाईची गोल इमारत १९१७ सालची, भोवती सोळा रस्ते. अकरावीच्या नव्या पोरांना सर पहिल्या आठवड्यात हेच गणित घालतात. सोळा रस्ते सारख्या अंतरानं आलेत असं धरा. शेजारच्या दोन रस्त्यांत कोन किती? ३६० भागिले १६, साडेबावीस अंश. आता त्याचा टॅन काढा. पाठ केलेल्या कोष्टकात तीस, पंचेचाळीस, साठ असतात, साडेबावीस नसतो. पण साडेबावीसची दुप्पट पंचेचाळीस, आणि टॅन पंचेचाळीस एक. दुपटीचं सूत्र लावलं की ट² + २ट − १ = ० हे वर्गसमीकरण उरतं. त्याचं धन उत्तर √२ − १. भूमितीतून निघालेलं पोर बीजगणितात पोचतं, तेही भाजीबाजारातून.

९.३०
काउंटर म्हणजे प्लायवूडचे तीन कप्पे. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. लातुरात डॉक्टर व्हायला येणारेच जास्त, त्यामुळे गणिताची रांग तिघांत लहान. तरी सकाळीच नऊ जण उभे. हातात प्लास्टिकचे टोकन. उदगीर, निलंगा, नांदेड, परभणी. बहुतेक होस्टेलवर राहणारे.

सरांचा नियम एकच. पोरगं वही पुढे करतं, "सर, हे येईना झालंय." सर म्हणतात, "रफ दाखव."

रफ नसेल तर टोकन परत. जा, निदान तीन ओळी चुकीच्या करून आण. सुरुवातीला मला हे कडक वाटलं. दिवसभर बसल्यावर कळलं की त्यांचं सगळं काम त्या रफमध्येच आहे. उत्तर त्यांना माहीत असतं. पोराचा पाय कुठे घसरला, ते फक्त रफला माहीत.

१०.०५
टोकन ४. उदगीरची मुलगी. क्ष आणि १/क्ष यांची बेरीज ३, तर क्ष⁵ आणि १/क्ष⁵ यांची बेरीज किती? तिचं रफ पानभर. तिनं वर्गसमीकरण सोडवून क्ष काढला, (३ + √५)/२, आणि त्याचा पाचवा घात करायला बसली. वर्गमुळांचा गुंता झालेला.

सरांनी काहीच खोडलं नाही. "हे चूक नाही बाळा. पायी तुळजापूरला निघालीस, एवढंच. पोचशील, पण पेपर संपेल. बेरजेचा वर्ग कर."

तीनचा वर्ग नऊ, त्यातून दोन गेले, सात. ही वर्गांची बेरीज. तीनचा घन सत्तावीस, त्यातून नऊ गेले, अठरा. ही घनांची. आता सात गुणिले अठरा, एकशे सव्वीस. त्यातून तीन वजा. उत्तर १२३.

"सर, तीन कशाला वजा केले ओ?"

सरांनी पेन तिच्या हातात दिलं. "दोन्ही कंस उघड." तिनं गुणाकार केला. चार पदं आली. दोन पाचव्या घातांची, उरलेली दोन क्ष आणि १/क्ष. तिनं त्या दोघांभोवती गोल केला. काही न बोलता वही घेऊन उठली. सहा मिनिटं लागली.

११.२०
टोकन १३ आणि १४ एकत्र. दोघी रूममेट, रात्रीपासून भांडतायत. साइन क्ष गुणिले कॉस क्ष, याचं संकलन करा. एकीचं उत्तर साइन वर्ग भागिले दोन. दुसरीचं उणे कॉस वर्ग भागिले दोन. एकीला अधिक चिन्ह, एकीला उणे. एक तर चुकलीच पाहिजे.

सरांनी दोघींचं रफ शेजारी-शेजारी ठेवलं. एकेक ओळ बोटानं पाहिली. "चूक कुठंच नाही." मग स्वतः तिसरं उत्तर लिहिलं, उणे कॉस दोन क्ष भागिले चार. "हेही बरोबर."

दोघी बघत राहिल्या.

"तुझ्यातून हिचं वजा कर."

साइन वर्ग भागिले दोन, अधिक कॉस वर्ग भागिले दोन. साइन वर्ग अधिक कॉस वर्ग एक. उरलं अर्धं. क्ष राहिलाच नाही. दोन उत्तरांत फरक एका स्थिर संख्येचा. शेवटी 'अधिक सी' लिहितात तो याच्यासाठी. दोघींनीही तो लिहिला होता, सवयीनं, सही केल्यासारखा. आज पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. मीही बारावीत 'अधिक सी' असाच लिहीत आलो. अर्ध्या गुणासाठी.

१.३०
डबा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांगं. चोवीस टोकन झाले. सरांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं निळी. मार्कर नवा घेत नाहीत. शाईची बाटली आणून भरतात, भरताना गळते.

२.५०
एक पोरगा मोबाइल पुढे करतो. गणिताचा फोटो काढला, ॲपनं सोडवून दिलं. शून्य ते पाय भागिले दोन, साइन भागिले साइन अधिक कॉस. उत्तर पाय भागिले चार.

"मग माझ्याकडं कशाला आलास?"

"सर, दुसरी ओळ कुठून आली ते कळेना."

सर खूश झाले. हा प्रश्न त्यांना आवडतो. क्षच्या जागी पाय भागिले दोन वजा क्ष घाल. साइनचा कॉस होतो, कॉसचा साइन. किंमत तीच, रूप नवं. पोरं याला 'किंग' म्हणतात. दोन्ही रूपं मिळव, अंश आणि छेद एकच, म्हणजे नुसतं एकचं संकलन. पाय भागिले दोन हे दुपटीचं उत्तर, त्याचं अर्धं कर. दोन मिनिटांत सुटलं.

४.१५
टेबलाखाली एक चपलांचं खोकं आहे. त्यात पुठ्ठ्याच्या तीन उघड्या डब्या आणि पाव किलो मोहरी. मोहरी घरून आणलेली.

प्रश्न नेहमीचा. बारा सेंटिमीटर बाजूचा चौरस पुठ्ठा. चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापायचे, बाजू दुमडायच्या, डबी करायची. किती कापलं तर डबी सगळ्यात मोठी? निलंग्याच्या पोरानं सूत्र बरोबर मांडलं होतं, क्ष गुणिले (१२ − २क्ष) चा वर्ग. विकलनही बरोबर. उत्तरं आली २ आणि ६. त्यानं ६ घेतलं, मोठं आहे म्हणून.

सरांनी तीन डब्या मांडल्या. पहिली एक सेंटिमीटर कापलेली, पसरट, परातीसारखी. दुसरी दोन. तिसरी तीन, उभट. पहिली मोहरीनं काठोकाठ भरली, पट्टीनं सपाट केली, दुसरीत ओतली. दुसरी भरली नाही. वरून आणखी मोहरी घालून ती भरली, मग तिसरीत ओतली. मोहरी काठावरून टेबलभर सांडली. रांगेतली पोरंही वाकून बघायला लागली.

"हिशोब कर आता."

शंभर. एकशे अठ्ठावीस. एकशे आठ घनसेंटिमीटर.

"आणि सहा कापलं तर?"

पोरानं मनातल्या मनात कापलं. बाराच्या बाजूला दोन्हीकडून सहा. "सर, पुठ्ठाच राहत नाही."

"मग डबी कशाची करू लालास?"

पोरानं सांडलेली मोहरी हातानं गोळा केली, खोक्यात टाकली. एक दाणाही ठेवला नाही. सरांनी तेवढ्यात दुसऱ्याचं रफ घेतलं होतं.

५.४०
रांग ओसरली. बॅचेस सुरू झाल्या. खाली मामांच्या गाड्यावर दहाचा चहा. फिजिक्सचे सर सोबत. एकदा सरांनी बसून हिशोब केला होता, सांगतात. महिन्याचे सव्वीस दिवस, दिवसाला साधारण बावन्न टोकन. एका टोकनला वीस रुपये सत्तर पैसे. गाइडचं गणित पस्तीसचं, आणि त्यात समोर कुणी बसलेलं नसतं. सुट्टी घेतली की दिवस कापला जातो. मुलीच्या गॅदरिंगला गेले तेव्हा एक हजार शहात्तर गेले.

७.२०
टोकन ४३. कंधारकडचा पोरगा, अकरावी. वही न देता घडी केलेला कागद देतो. "सर, सिलॅबसमधलं नाही. भावानं दिलंय."

समद्विभुज त्रिकोण अबक. वर अ पाशी वीस अंश, खाली ब आणि क पाशी ऐंशी-ऐंशी. ब मधून एक रेघ समोरच्या बाजूवर इ पर्यंत, पायाशी साठ अंश करून. क मधून दुसरी रेघ फ पर्यंत, पायाशी पन्नास अंश करून. इ आणि फ जोडा. बइफ हा कोन किती?

"रफ दाखव."

चार पानं निघाली. सगळे कोन भरलेले. बेरजा बरोबर. प्रत्येक पानाच्या शेवटी तेच, शून्य बरोबर शून्य.

सरांनी दहा मिनिटं घातली. मागे तिघं उभे. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला आत्ता येत नाही. उद्या सकाळी ये. पानं माझ्याकडं राहू दे."

पोराचा चेहरा उजळला. अवघड आहे हे सरांनी मान्य केलं, म्हणजे तो मठ्ठ नव्हता. काउंटरवर बसून हे वाक्य बोलायला हिंमत लागते. मी दिवसभरात ऐकलेलं सगळ्यात चांगलं वाक्य हेच.

८.४५
शटर. वहीत आकडा, ५२. पुढे नोंद: 'ताळा न घेणे ९, चिन्ह ११, कंस ७.' ही वही क्लासनं मागितलेली नाही.

१०.२०
घर. मुलगी झोपली. पाट, पाठकोरा कागद. कंधारच्या पोराची चार पानं डावीकडे. सर ती पहिल्यापासून वाचतात. "यानं सगळे कोन वापरले. लांबी एकही वापरली नाही." मग बराच वेळ काही नाही. पंख्याचा आवाज.

हे गणित जुनं आहे. एडवर्ड लँगली यांनी ते १९२२ साली इंग्लंडच्या 'मॅथेमॅटिकल गॅझेट'मध्ये दिलं. सरांना ते ठाऊक नव्हतं. मी नंतर शोधलं. बरंच झालं.

११.१०
खोडरबर. चौथी आकृती. सरांनी ब मधून एक नवी रेघ काढली, पायाशी वीस अंशांची, कअ बाजूवर ग पर्यंत. आता त्रिकोण बकग मध्ये वीस, ऐंशी, ऐंशी. म्हणजे बग = बक. त्रिकोण बकफ मध्ये क पाशी पन्नास, फ पाशीही पन्नास. म्हणजे बफ = बक. दोन्ही एकाच लांबीचे, मध्ये साठ अंश. त्रिकोण बगफ समभुज निघाला.

सर गुडघ्यावर आले. त्रिकोण बगइ बघितला. ब पाशी चाळीस, इ पाशी चाळीस. गइ = गब. म्हणजे ग पासून फ आणि इ सारख्याच अंतरावर. ग पाशी उरला कोन १८० वजा ८० वजा ६०, चाळीस. मग त्रिकोण गइफ मध्ये इ पाशी सत्तर. त्यातले चाळीस गेले.

तीस.

"एक रेघ," सर म्हणाले. बायको आतून म्हणाली, झोपा आता.

११.३५
सरांनी नवा कागद घेतला, पाठकोरा नाही, सकाळच्या रिममधला. पट्टीनं आकृती नीट काढली. अ, ब, क, इ, फ. मग पेन्सिलनं ब पासून ग पर्यंत तुटक रेघ. कोन लिहिले नाहीत. उत्तर लिहिलं नाही. वरच्या कोपऱ्यात फक्त 'टो. ४३'. कागद पोराच्या चार पानांवर ठेवला, टाचणी मारली आणि बॅगेत घातला.