रिकामा पुडा उचलायचा कुणी? कंपनीची जबाबदारी आणि गावाचं काम

बिद्री (ता. कागल) : दुधाची पिशवी, वेफर्सचा पुडा, शाम्पूची पुडी. रिकामं झालं की कोंडाळ्यात, नाहीतर उकिरड्यावर. तिथनं शेणखताबरोबर थेट उसाच्या सरीत. प्लास्टिक काही कुजत नाही. मग हे निस्तरायचं कुणी?

केंद्राच्या २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये बदल झाला. प्लास्टिकचं वेष्टन बनवणारे, स्वतःच्या ब्रँडनं माल विकणाऱ्या कंपन्या आणि परदेशातून पॅकबंद माल आणणारे आयातदार यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. सुरुवातीला उद्दिष्ट २५ टक्के होतं, पुढं ७० झालं. २०२३-२४ पासून ते १०० टक्के आहे. ते पूर्ण केलं नाही तर पर्यावरण भरपाई भरावी लागते. दुसऱ्याचा माल विकणाऱ्या गावातल्या किराणा दुकानदाराला ही नोंदणी नाही.

पण मेख इथंच आहे. कंपनीनं बिद्रीतलाच पुडा उचलावा, असं बंधन नाही. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया कारखान्याकडून वजनाप्रमाणे प्रमाणपत्र घेतलं की कंपनीचं काम भागतं. तो कचरा शहरातला असला तरी चालतो. म्हणजे जिथं कचरा वेगळा गोळा होतो, तिथलाच उचलला जातो. बाकीच्यांचा रानात राहतो.

गावात कचरा गोळा करायची व्यवस्था नियमानुसार ग्रामपंचायतीनं उभी करायची. म्हणून ग्रामसभेत विचारा : आपला सुका कचरा जातो कुठं? घेणारा नोंदणीकृत आहे का?

घरात एवढं करा. दुधाची पिशवी धुऊन वाळवा. कापताना कोपरा पिशवीलाच राहू द्या, बारीक तुकडे हाती लागत नाहीत. आणि प्लास्टिक चुलीत घालू नका.