पुण्याचं साहित्यवर्तुळ (लेखांक ६) : हिराबागेचं बोलावणं, गंज पेठेचं उत्तर

गेल्या आठवड्यात आपण पुणे नगर वाचन मंदिराचा इतिहास पाहिला. १८४८ साली सुरू झालेल्या त्या ग्रंथालयाने पुण्यात वाचणाऱ्यांना एकत्र आणलं. लिहिणारे एकत्र यायला आणखी तीस वर्षं जावी लागली. आज पाहायची ती त्यांची गोष्ट. साहित्य संमेलन जवळ आलं की अध्यक्षपदावरून कुरबूर होते, खर्चावरून टीका होते आणि कोणी ना कोणी बहिष्कार घालतो. पैकी बहिष्काराला आपण हल्लीचं खूळ समजतो. प्रत्यक्षात तो दुसऱ्याच संमेलनाच्या वेळी झाला, आणि पहिल्या दोन संमेलनांत मिळून जे घडलं त्यात सर्वांत टिकाऊ ठरलेली गोष्ट तीच, असं माझं मत आहे.

सुरुवात एका यादीपासून करावी लागते. १८६५ साली महादेव गोविंद रानडे यांनी मराठीत तोवर छापून आलेल्या पुस्तकांचा आढावा घेतला. रानडे तेव्हा तेवीस वर्षांचे होते. गद्य पुस्तकं भरली ४३१ आणि पद्य २३०. म्हणजे सगळी मिळून ६६१, आणि त्यातही मोठा वाटा शाळाखात्याच्या पुस्तकांचा आणि भाषांतरांचा. भाषा बोलणारे लाखोंनी आणि छापील पुस्तकं साडेसहाशे, हा हिशेब रानड्यांच्या मनात घर करून राहिला असावा. कारण पुढची तीस वर्षं ते या ना त्या मार्गाने याच कामामागे होते. १८९४ साली त्यांनी पुण्यात डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्सलेशन सोसायटी स्थापली. महाराष्ट्र ग्रंथोत्तेजक संस्था या नावाने आपण आज ओळखतो ती हीच.

त्या काळात मराठी पुस्तक लिहिणाऱ्याला पैसा मिळायचा कुठून? विक्रीतून फारसा नाही. खरा आधार होता दक्षिणा फंडाचा. पेशवाईत श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर इंग्रज सरकारने ती प्रथा कमी प्रमाणात चालू ठेवली. १८४९ च्या सुमारास पुण्यातल्या सुधारकांनी, त्यांत गोपाळ हरी देशमुख म्हणजे लोकहितवादी आघाडीवर, सरकारकडे अर्ज केला की या पैशाचा काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांना दमदाटी झाली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी आपली माणसं जमवून त्यांना संरक्षण दिल्याची नोंद चरित्रग्रंथांत आढळते. पुढे १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. मराठी लेखकाला रोख बक्षीस देणारी ही पहिली मोठी व्यवस्था.

चारच वर्षांनी, १८५५ साली, फुल्यांनी या कमिटीकडे ‘तृतीय रत्न’ हे नाटक पाठवलं. एक गरोदर कुणबीण, तिला ग्रहांची भीती घालणारा जोशी, ग्रहशांतीपायी कर्जात बुडणारं ते जोडपं, मध्येच येणारा पाद्री आणि या सगळ्यांवर शेरे मारत राहणारा विदूषक. शेवटी नवराबायको फुल्यांच्याच शाळेत शिकायला निघतात. शेतकऱ्याच्या घरातली फसवणूक रंगमंचावर मांडणारं असं मराठी नाटक तोवर झालं नव्हतं. कमिटीने ते नाकारलं. आपली तक्रार फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त नमूद करून ठेवली आहे : कमिटीतल्या भटसभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही. हे नाटक छापलं जायला पुढे शंभराहून अधिक वर्षं लागली.

हा प्रसंग ध्यानात ठेवून १८७८ च्या सभेकडे पाहू. रानडे आणि लोकहितवादी यांनी पुढाकार घेऊन ११ मे १८७८ रोजी पुण्यात हिराबागेत मराठी ग्रंथकारांची सभा भरवली. अध्यक्ष खुद्द रानडे. ही ग्रंथकारांची सभा हेच आपल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं पहिलं अधिवेशन मानलं जातं. आजच्या संमेलनासारखे मांडव, मिरवणूक, कविकट्टा असं तिथे काही नव्हतं. ग्रंथ वाढावेत, लेखकांना उत्तेजन मिळावं, वाचक तयार व्हावा, असा रोखठोक कामाचा विषय होता. रानड्यांची १८६५ ची यादी डोळ्यांपुढे ठेवली की ही सभा का बोलावली गेली ते सरळ कळतं.

वातावरण मात्र एवढं सरळ नव्हतं. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ पुण्यातून निघत होती. मराठी गद्याला तिने डौल दिला, यात वाद नाही. पण त्याच मालेत शास्त्रीबुवांनी फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार घेतला तो मुख्यतः त्यांच्या व्याकरणावरून आणि भाषेवरून, तोही टिंगलीच्या सुरात. काय म्हटलं आहे याआधी कसं लिहिलं आहे याची झडती घ्यायची, ही पुणेरी समीक्षेची खोड तेव्हापासूनची.

दुसरी सभा २४ मे १८८५ रोजी पुण्यातच भरली. अध्यक्ष कृष्णशास्त्री राजवाडे. या वेळी बोलावणं फुल्यांनाही गेलं. फुले तेव्हा ५८ वर्षांचे होते आणि ‘गुलामगिरी’, ‘शेतकऱ्याचा असूड’ असं मोठं लेखन त्यांच्या नावावर होतं. ग्रंथकार म्हणून त्यांना वगळणं शक्यही नव्हतं. रानडे आणि फुले एकमेकांचे वैरीही नव्हते. १८७५ साली स्वामी दयानंदांची पुण्यात मिरवणूक निघाली आणि विरोधकांनी दंग्याची तयारी केली, तेव्हा रानड्यांच्या सांगण्यावरून फुले आपल्या माणसांसह त्या मिरवणुकीत चालले होते. त्यामुळे या नकाराला व्यक्तिगत रागलोभाचं कारण चिकटवून चालणार नाही.

फुल्यांनी पत्राने नकार कळवला. ते पत्र ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदया’त छापून आलं. पत्र लहान आहे आणि त्यात मुद्देसूद चार गोष्टी आहेत. पहिली, जे लोक माणसाच्या हक्कांचा मनापासून विचार करत नाहीत आणि ते ज्याचे त्याला राजीखुशीने देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांतल्या भावार्थाशी आमच्या सभापुस्तकांचा मेळ बसत नाही. दुसरी, आम्ही शूद्र-अतिशूद्र काय भोगतो याची जाणीव वरवर भाषणं करणाऱ्यांना होणं अवघड आहे. तिसरी, असं असताना त्यांच्यात मिसळून आमच्या हाती काही लागणार नाही, आम्हीच आमचा विचार करायला हवा. आणि चौथी, सगळ्यांची एकी करायचीच असेल तर माणसामाणसांत प्रेम कशाने वाढेल त्याचं मूळ आधी शोधा. एवढं सुनावून झाल्यावर सही मात्र दोस्त म्हणून केली आहे.

हा नकार तडकाफडकी आला नव्हता. त्याच वर्षी फुल्यांनी ‘इशारा’ नावाची पुस्तिका काढली. शेतकऱ्याची स्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे अशा आशयाचं भाषण रानड्यांनी केलं होतं, त्याला हे उत्तर होतं. ‘सत्सार’चे अंकही याच वर्षातले. त्यांत फुल्यांनी एका बाईच्या पुस्तकाची बाजू घेतली. ते पुस्तक म्हणजे ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’.

ते पुस्तक हातात घेऊन पाहावं असं आहे. ताराबाई बुलढाण्याच्या, वडील बापूजी हरी शिंदे फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला अपत्य मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि त्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. त्या रागातून ताराबाईंनी लिहिलं. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत काय, असा एकेक दोष घेऊन केलेला उलटतपास म्हणजे हे पुस्तक. भाषा घरातली, म्हणींनी भरलेली आणि कुणाचीही भीड न बाळगणारी. पुस्तकावर टीकेची झोड उठली, ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. जवळजवळ शतकभर ते विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते संपादून पुन्हा प्रकाशात आणलं. आज भारतातल्या स्त्रीवादी लेखनाचा इतिहास या पुस्तकाला टाळून लिहिता येत नाही.

पुस्तकांची संख्या वाढवायला निघालेल्या मंडळींना फुल्यांचा प्रश्न नेमका इथे लागू पडतो. पुस्तकं कमी होती हे रानड्यांचं निदान बरोबर होतं. पण जी होती त्यांतली कोणती मोजायची, कुणाला बक्षीस द्यायचं, कुणाचं व्याकरण काढायचं, हे ठरवणारे हात मोजकेच होते. रानड्यांना ग्रंथांची गणती करायची होती, फुल्यांना ती गणती करणाऱ्यांबद्दल बोलायचं होतं. दोघांचंही म्हणणं खरं होतं. पण एका सभेत त्याचा निकाल लागण्यासारखा नव्हता.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. दुसऱ्या सभेनंतर वीस वर्षं काहीच झालं नाही. तिसरं संमेलन १९०५ मध्ये साताऱ्याला भरलं. संमेलनाचा आकडा वर्षांच्या मागे का, असं अनेकजण विचारतात, त्याचं एक कारण हे सुरुवातीचे खंड. चौथं संमेलन १९०६ साली पुन्हा पुण्यात झालं. त्याच वेळी, २७ मे १९०६ रोजी, महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना झाली. टिळक रस्त्यावरची आपली मसाप ती हीच. संमेलन दरवर्षी पाहुण्यासारखं येतं-जातं, म्हणून मागचं काम सांभाळायला कायमची संस्था हवी, हा त्यामागचा विचार. पुढे परिषदेने ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’ चालवली आणि अनेक खंडांत मराठी वाङ्मयाचा इतिहास सिद्ध केला.

विदर्भ, मुंबई आणि मराठवाड्यातही अशाच संस्था उभ्या राहिल्यावर सर्वांचं मिळून १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ झालं, आणि १९६५ च्या हैदराबाद संमेलनापासून संमेलन भरवण्याचं काम त्याच्याकडे आलं. महामंडळाचं कार्यालय दर तीन वर्षांनी पुणे, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर असं फिरतं. म्हणजे मसाप ही घटक संस्था, महामंडळ ही शिखर संस्था आणि संमेलन हा महामंडळाचा उपक्रम. अध्यक्षाची पूर्वी मतपत्रिकांनी निवडणूक होई. २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून ती बंद झाली. आता घटक संस्थांनी सुचवलेल्या नावांतून अध्यक्ष एकमताने ठरवला जातो. या पद्धतीने आलेल्या पहिल्या अध्यक्ष पुण्याच्याच अरुणा ढेरे.

फुल्यांच्या पत्राचं काय झालं? ते वाया गेलं नाही. आम्हीच आमचा विचार करू, हे त्यांचं वाक्य जणू कार्यक्रमपत्रिका ठरली. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णा भाऊ साठ्यांनी केलं. १९९९ मध्ये धारावीत बाबुराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली पहिलं विद्रोही साहित्य संमेलन झालं. मुख्य संमेलनाचं दारही हळूहळू किलकिलं झालं. कुसुमावती देशपांडे ही पहिली स्त्री अध्यक्ष १९६१ मध्ये ग्वाल्हेरला, म्हणजे हिराबागेनंतर ८३ वर्षांनी. पहिले दलित अध्यक्ष शंकरराव खरात १९८४ मध्ये जळगावला, म्हणजे १०६ वर्षांनी. ९८ व्या संमेलनापर्यंत, जे २०२५ मध्ये दिल्लीत तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली झालं, स्त्री अध्यक्षांची संख्या अवघी सहा आहे. हे आकडे कुणाला नावं ठेवण्यासाठी देत नाही. १८८५ चा प्रश्न किती सावकाश सुटतो आहे, ते त्यावरून कळतं.

पुण्यात हिराबाग चौक, टिळक रस्त्यावरची साहित्य परिषद आणि पूर्वीच्या गंज पेठेतला फुले वाडा ही तिन्ही ठिकाणं एका सकाळी पायी पाहून होतात. पण तेवढी सवड नसेल तर निदान एक करा. राज्य शासनाने प्रकाशित केलेलं ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ बहुतेक ग्रंथालयांत असतं. त्यात हे पत्र आहे, वाचायला पाच मिनिटं पुरतात. पुढच्या संमेलनाच्या वादात बाजू घेण्याआधी ते एकदा वाचा. मराठी संमेलनावर झालेली सर्वांत कडक टीका आजही तीच आहे, आणि तिचं समाधानकारक उत्तर द्यायचं अजून बाकी आहे.

(पुढील आठवड्यात : अप्पा बळवंत चौकातला पुस्तकांचा बाजार)