पिशवीची गाठ

सकाळचे साडेदहा वाजलेत. पहिल्या पाळीची पोरं रांजणगाव एमआयडीसीत कधीच कामाला लागलीत, रात्रपाळीची भाड्याच्या खोल्यांत झोपलीत. कारेगावात या वेळी मोकळी असतात ती म्हातारी माणसं. देवळाच्या सभामंडपात सतरंजीवर ती एकेक करून टेकतायत आणि प्रत्येकाच्या हातात पिशवी आहे. निरोपच तसा होता: घरात असतील नसतील तेवढी औषधं घेऊन या.

मी आत्याला घेऊन आलोय. वय पंचाहत्तर. तिच्याकडं महागणपतीच्या प्रसादाची जुनी पिशवी आहे, तोंडाशी घट्ट गाठ मारलेली.

समोर पुण्याच्या मेडिकल कॉलेजातून ग्रामीण भागात पोस्टिंगला आलेली इंटर्न मुलगी मांडी घालून बसलीय. ती गाठ सोडते, पिशवी सतरंजीवर उलटी करते. नऊ प्रकार निघतात. निम्मी पाकिटं कात्रीनं कापलेली, नाव आणि तारीख मेडिकलवाल्याकडं राहिलेली. एक कागदाची पुडी, एक चूर्णाची बाटली.

“आजी, ही कशाची?”

“पिवळी बीपीची. ही गुलाबीपण बीपीचीच, दुसऱ्या डॉक्टरची. पुडीतली गुडघ्याची. ही अर्धी झोपेची.”

मुलगी पिवळं आणि गुलाबी पाकीट शेजारी-शेजारी धरते, बारीक अक्षरं वाचते. कंपन्या दोन, नावं दोन, औषध एकच: टेल्मिसार्टन. पहिल्या डॉक्टरांनी एक लिहिलं, दुसऱ्यांनी आधीचं न विचारता दुसरं. आत्या वर्षभर दोन्ही इमानानं घेतेय.

“रात्री उठल्यावर गरगरतं का?”

आत्या माझ्याकडं बघते. पावसाळ्यात ती दोनदा पडली, तेव्हा आम्ही घरच्यांनी न्हाणीच्या फरशीला दोष दिला होता.

मुलगी तिला सतरंजीवर आडवी करते, पाच मिनिटं गप्प पडू देते, बीपी मोजते. १३८. मग हाताला धरून उभं करते, मिनिटभरानं परत मोजते. ११२. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरला, तर तो धोक्याचा. आत्याचा सव्वीस उतरलाय. खांबाला धरलेला तिचा हात मला दिसतो आणि माझ्या पोटात खड्डा पडतो.

मुलगी स्वतः काही बंद करत नाही, तिला शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडमना बोलावते. मॅडम खाली बसतात, एकेक गोळी तळहातावर घेऊन सोबतच्या इंटर्न मुलांना सांगतात: वयाबरोबर मूत्रपिंड मंदावतं, औषध शरीरात रेंगाळतं. चाळिशीत सोसलेली मात्रा पंचाहत्तरीत सोसत नाही. पुडीतली गोळी वेदनाशामक असणार. बीपीच्या औषधासोबत ती रोज घेतली तर बीपी चढू शकतं, मूत्रपिंडावरही ताण येतो. झोपेची गोळी पडायला कारण होते, पण एकदम तोडायची नसते, हळूहळू उतरवायची. सर्दीची गोळीही म्हाताऱ्या डोक्याला गुंगी आणते.

मुलं वह्यांत उतरवून घेतायत. एक जण मोबाइलवर यादी काढतो. अमेरिकेत डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धाश्रमांतल्या माणसांसाठी ती पहिल्यांदा केली: वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशी औषधं. पुढं २००८ मध्ये आयर्लंडमधल्या डॉक्टरांनी दुहेरी यादी केली, काय थांबवावं आणि काय राहून गेलंय याची. याद्या आहेतच. पण कापलेल्या पाकिटावर औषधाचं नावच नसेल, तर यादीत शोधायचं काय?

म्हणून हे सतरंजीवर बसणं मला मोलाचं वाटतं. औषध लिहिणं ही शिकवायची गोष्ट आहे. १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात सात देशांतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना छोटं प्रशिक्षण देऊन पाहिलं. त्यात दिल्लीचे विद्यार्थीही होते. शिकलेल्यांचं औषध लिहिणं इतरांपेक्षा सरस ठरलं आणि सहा महिन्यांनंतरही तो फरक टिकला. आमच्याच शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला डॉ. बानू कोयाजींनी गावच्या आरोग्याचं काम उभं केलं. तिथल्या संशोधकांनी पन्नाशीपुढच्या माणसांना दारोदार जाऊन विचारलं, तब्येत कशी वाटते? आज ही मुलगी त्याच्या पुढचा प्रश्न विचारतेय: पोटात काय काय जातं?

शेजारी एक बाबा शुगरच्या गोळ्या मांडून बसलेत.

“बाबा, संकष्टीला उपास असतो तेव्हा ही गोळी घेता?”

“घेतो की. औषध कसं चुकवायचं?”

“मग दुपारी घाम फुटतो? हातपाय कापतात?”

बाबा मान डोलावतात. “मला वाटायचं, उपासानं होतंय.” मॅडमचा पेन थांबतो. ती गोळी ग्लिबेनक्लामाइडची आहे, साखर फार वेळ खाली ओढून धरणारी. बीअर्सच्या यादीत तिचं नाव आहे. बाबांना उद्याच त्यांच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी घेऊन जायचंय.

आत्याच्या डॉक्टरांशी मॅडम फोनवर बोलून घेतात. मग मुलगी ठळक मराठी अक्षरांत एकच कागद करते, सकाळपुढं सूर्य, रात्रीपुढं चंद्र. गुलाबी पाकीट बाजूला निघतं. पुडी बंद, तिच्या जागी पॅरासिटामॉल. आत्याचा जीव गुलाबी पाकिटात अडकलाय. “पैसे पडलेत गं त्याला.” मुलगी हसत नाही. “आजी, पडलात तर त्याहून जास्त पडतील.” मग पाकीट दाखवून सांगते, गोळी नावाच्या उलट्या टोकाकडून काढायची, नाव शेवटपर्यंत ठेवायचं.

परतताना आम्ही हायवेच्या मेडिकलात थांबतो. मी सहा गोळ्या मागतो. दुकानातलं पोरगं सवयीनं कात्री उचलतं.

आत्या काउंटरवर हात ठेवते.

“नावाकडची बाजू मला दे, बाळा.”