मानसशास्त्राची पदवी : समज आणि वास्तव

मध्य रेल्वेवर कल्याणच्या पुढे शहाड आणि त्यानंतर आंबिवली हे स्थानक लागते. शेजारच्या मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्यावर या परिसरातील असंख्य कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून होता. २००९ मध्ये हा कारखाना बंद पडला. वडिलांच्या पाठोपाठ कारखान्यात जाण्याची वाट जेथे मिटली, तेथे मुलामुलींच्या पदवीचा प्रश्न साहजिकच अधिक गंभीर होतो. बारावीनंतर कला शाखेत मानसशास्त्र घ्यावे काय, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला घरीदारी बहुधा दोन प्रकारची उत्तरे ऐकावयास मिळतात. ‘वेड्यांचा डॉक्टर व्हायचे आहे का?’ हे एक; आणि ‘म्हणजे आता आमच्या मनातले ओळखणार!’ हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. अशा वेळी सल्ल्यासाठी कुटुंबे शिक्षकांकडे व गावातील जाणत्या मंडळींकडे येतात. म्हणून या पदवीचे खरे स्वरूप त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

विषयाची वाटचाल

मनाविषयीचे चिंतन पुरातन असले, तरी मानसशास्त्र हे प्रयोगावर आधारलेले शास्त्र म्हणून उभे राहिले ते १८७९ मध्ये. त्या वर्षी विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतील लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली. भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाने १९५० मध्ये आणि मुंबई विद्यापीठाने १९५९ मध्ये असे विभाग काढले. आज अनेक महाविद्यालयांत कला शाखेच्या पदवीसाठी हा विषय घेता येतो. पदवी तीन वर्षांची असून राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार चौथे वर्ष पूर्ण करून ऑनर्स पदवी मिळविण्याचीही सोय झाली आहे.

विद्यार्थी काय शिकतो?

पहिल्या वर्षी विषयाची मूलतत्त्वे येतात. पुढे विकासात्मक, सामाजिक, बोधात्मक, अपसामान्य व औद्योगिक मानसशास्त्र, समुपदेशन आणि मानसिक चाचण्या अशी अभ्यासाची व्याप्ती वाढत जाते. मात्र गणित टाळण्यासाठी कला शाखेकडे वळलेल्या विद्यार्थ्याला एक गोष्ट प्रारंभीच सांगितली पाहिजे. या विषयात संख्याशास्त्र आहे आणि प्रात्यक्षिकेही आहेत.

म्युलर-लायर यांचा दृष्टिभ्रमाचा प्रयोग हे त्याचे परिचित उदाहरण होय. समान लांबीच्या दोन रेषांपैकी एकीच्या टोकांना आत वळलेली आणि दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेली छोटी पाती काढलेली असतात. दुसरी रेषा अधिक लांब भासते. दोन्ही सारख्याच आहेत हे सांगितल्यावरही ती तशीच भासत राहते. विद्यार्थी ही चूक पुनःपुन्हा मोजतो, तिची सरासरी काढतो आणि निष्कर्ष लिहितो. ‘मी डोळ्यांनी पाहिले’ एवढ्यावरून एखादी गोष्ट सिद्ध होत नाही, हा धडा त्याला येथे मिळतो.

मोजमाप कशासाठी?

बुद्धिमापनाच्या इतिहासातूनही असाच बोध होतो. शाळेत मागे पडणाऱ्या व विशेष साहाय्याची गरज असणाऱ्या मुलांचा शोध घेता यावा, या हेतूने आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये फ्रान्समध्ये आपली चाचणी तयार केली. मुलांवर कायमचा शिक्का मारणे हा बिने यांचा उद्देश नव्हता. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तिची मराठी व कानडी रूपांतरे सिद्ध केली. १९४० मध्ये त्याविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अशा कामात केवळ भाषांतर पुरत नाही. जी वस्तू मुलाने कधी पाहिलीच नाही, तिच्याविषयीचा प्रश्न त्याच्या बुद्धीचे नव्हे, तर परिस्थितीचे मोजमाप करतो.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी संज्ञांची अडचण भासते, हे खरे. त्यासाठी भाषा संचालनालयाचा मानसशास्त्र परिभाषा कोश उपयुक्त ठरतो.

पदवीची मर्यादा

बी.ए. झाल्याने कोणी मानसोपचारतज्ज्ञ होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो आणि औषधोपचाराचा अधिकार त्याचा असतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची पात्रता मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये सांगितलेली आहे. त्यासाठी पुढील मान्यताप्राप्त शिक्षण, रुग्णांसमवेत देखरेखीखालील प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडील नोंदणी आवश्यक ठरते. ही वाट लांब व खर्चाची आहे. ती कुटुंबाला आधी न सांगणे म्हणजे विद्यार्थ्याची फसवणूक करणे होय. तीन वर्षांच्या पदवीवर उपचाराची पाटी लावणारा तर रुग्णाचीही हानी करतो.

तथापि, या पदवीचा उपयोग तेवढ्यापुरता नाही. स्पर्धा परीक्षा, शिक्षणशास्त्र, समाजकार्य, मनुष्यबळ व्यवस्थापन आणि विशेष मुलांचे शिक्षण या वाटा तिच्यापासून निघतात. त्यांपैकी बहुतेकांसाठी पुढील शिक्षण अथवा परीक्षा आवश्यक असते, एवढे ध्यानात ठेवावे.

समाजाची गरज

२०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना मानसिक आजार असल्याचे आढळले. विविध आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचेही दिसून आले. याचे कारण केवळ डॉक्टरांची उणीव हे नव्हे. आजार ओळखला जात नाही आणि ओळखला तरी लपविला जातो. ठाणे जिल्ह्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेलिमानस सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. तरीही त्या दारापर्यंत रुग्णाला नेणारे कोणी तरी गावात, वस्तीत, शाळेत असावे लागते.

वर्गात अक्षरे उलटसुलट लिहिणारा मुलगा ‘मठ्ठ’ ठरवून मागच्या बाकावर बसविला जातो. वस्तुतः त्याला अध्ययन अक्षमता असू शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने तिला दिव्यांगत्वात स्थान दिले आहे. तसेच, काम सुटल्यानंतर महिनोन्‌महिने कोणाशी न बोलणाऱ्या गृहस्थाला लोक आळशी म्हणतात. त्याला नैराश्य आले असेल, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. मानसशास्त्राचा पदवीधर अशा वेळी उपचार करणार नाही. परंतु तो शिक्का मारण्याची घाई थांबवील, नीट निरीक्षण करील आणि योग्य तज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला देईल. शाळेत, कार्यालयात अथवा ग्रामपंचायतीत अशी एक व्यक्ती असणे ही लहान गोष्ट नव्हे.

म्हणून आंबिवलीची एखादी विद्यार्थिनी हा विषय घेऊ इच्छीत असेल, तर तिला हसण्यावारी नेऊ नये आणि भलत्या आशाही दाखवू नयेत. विषय कष्टाचा आहे, पुढची वाट लांब आहे आणि गरज मोठी आहे, या तिन्ही गोष्टी तिला व तिच्या पालकांना एकत्र सांगाव्यात. निर्णय मग त्यांना घेऊ द्यावा.