कामांची यादी, आयत्या साच्यात

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी काढावी लागते. त्याच सुमारास लिफ्टच्या देखभालीचा करार संपत आलेला असतो, टाकी धुवायची असते, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची कोटेशनं यायची असतात. यातलं थोडं सेक्रेटरींच्या डोक्यात, थोडं मॅनेजरच्या डायरीत आणि उरलेलं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. फार तर एखादा उत्साही सभासद एक्सेलची शीट करतो.

शीटमध्ये घोळ होतो तो नावांपाशी. एका ओळीत ‘जोशी’, दुसरीत ‘जोशीकाका’, तिसरीत ‘श्री. जोशी’. फिल्टर लावला की संगणकाच्या लेखी ही तीन माणसं. जोशींकडे किती कामं अडलीत, याचं उत्तर चुकतं आणि चुकलंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस हा डेटाबेसचा प्रोग्रॅम १९९२मध्ये आला. कामांच्या नोंदीसाठी त्यात ‘डेस्कटॉप टास्क मॅनेजमेंट’ नावाचा आयता साचा मिळतो. नवीन फाइल उघडताना तो शोधायचा, फाइलला नाव द्यायचं, ‘क्रिएट’ दाबायचं. वर पिवळी पट्टी दिसली तर ‘एनेबल कंटेंट’ दाबा. नाहीतर काही बटणं मुकाट बसून राहतात आणि साचाच बिघडलाय असं वाटतं.

या साच्याची खरी करामत पडद्याआड आहे. त्यात माणसांचा तक्ता वेगळा आणि कामांचा वेगळा. जोशी एकदाच नोंदवायचे, फोन नंबरासकट. काम सोपवताना नाव यादीतून निवडायचं. नंबर बदलला तर एकाच जागी दुरुस्ती. प्रत्येक कामापुढे सुरुवातीची तारीख, मुदत, प्राधान्य, किती टक्के झालं आणि सद्यस्थिती असे रकाने तयार असतात. सद्यस्थितीत ‘दुसऱ्या कुणावर अडलंय’ अशा अर्थाचाही पर्याय आहे. आपल्याकडे निम्मी कामं तिथेच मुक्कामाला जातील, पण निदान तशी नोंद तरी होईल. कोटेशनचा कागद स्कॅन करून त्याच कामाला जोडता येतो. मात्र असे कागद जोडताना हात आखडता ठेवा, कारण ॲक्सेसच्या एका फाइलला २ जीबीची मर्यादा आहे.

तारखांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. विंडोजची सेटिंग अमेरिकेची असेल, तर ५/६ म्हणजे ६ मे धरला जातो. १३/६ लिहिलं तर तेरावा महिना नसल्यामुळे ॲक्सेस निमूटपणे १३ जून समजून घेतं. म्हणजे महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांतल्या तारखा उलट्यापालट्या आणि पुढच्या सगळ्या बरोबर. अशी चूक सापडायला फार अवघड. पहिली नोंद करण्याआधी रीजन ‘इंडिया’ करून घ्यावा. मजकूर मराठीत लिहायचा तर युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या फॉन्टमधलं ‘पाणी’ दिसायला पाणी असतं, पण शोधायला गेलं की हाती लागत नाही.

दोघातिघांनी वापरायचं असेल तर एकच फाइल पेन ड्राइव्हवरून फिरवू नका. दोन दिवसांत कुठली खरी हेच कळेनासं होईल. ड्रॉपबॉक्स किंवा गुगल ड्राइव्हमध्ये ठेवून दोघांनी एकदम उघडणंही धोक्याचंच. डेटाबेस टूल्समधल्या सोयीने फाइलचे दोन भाग करावेत, तक्ते ऑफिसच्या नेटवर्कवर ठेवावेत आणि फॉर्म प्रत्येकाच्या संगणकावर. पूर्ण ॲक्सेस एकाकडे असलं तरी चालतं. बाकीच्यांना मायक्रोसॉफ्टचं फुकट मिळणारं ‘रनटाइम’ पुरतं. मॅकवाल्यांची मात्र निराशा होईल, कारण ॲक्सेस फक्त विंडोजवर चालतं.

आणखी एक अपेक्षा आधीच सोडून द्या. हा साचा आपणहून आठवण करत नाही. मुदत टळली तरी फोन वाजत नाही की मेसेज येत नाही. मुदत उलटलेली कामं तो वेगळी काढून दाखवतो, पण फाइल उघडली तरच. तेव्हा घरच्या बिलांसाठी याच्या वाटेला जाऊ नका, तिथे मोबाइलचं कॅलेंडर बरं. आठ-दहा जणांत वाटलेली कामं असतील आणि रोज सकाळी फाइल उघडणारा एक माणूस नेमता येत असेल, तरच हा साचा घ्या.