वाळवंटातील शहर आणि शरीरातील घड्याळ

मुंबईहून निघून वाटेत युरोपात विमान बदलणारा प्रवासी अमेरिकेतील फीनिक्स शहरी उतरतो, तेव्हा घर सोडल्यापासून बहुधा एक संपूर्ण अहोरात्र लोटलेले असते. विमानतळाबाहेर पाऊल टाकताच त्याच्या डोळ्यांवर आदळतो तो प्रकाश. ॲरिझोना राज्याची ही राजधानी सोनोरा वाळवंटात वसलेली आहे. येथे वर्षाकाठी वीस सेंटिमीटरही पाऊस पडत नाही. सॉल्ट नदीवरील धरणे आणि कोलोरॅडो नदीचे पाणी शेकडो किलोमीटर वाहून आणणारा कालवा यांच्या बळावर हे विशाल नगर उभे आहे. रस्ते सरळ व रुंद, घरे बैठी, आणि त्यांच्या पाठीशी उघडेबोडके डोंगर. घड्याळात दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. परंतु आपल्या प्रवाशाच्या डोळ्यांवर अशी झापड येते की, स्वागतास आलेल्या मुलाशी धड चार शब्द बोलणेही त्यास जड जाते. पुढे मध्यरात्री साडेबाराच्या सुमारास तो टक्क जागा होतो, आणि त्याला कडकडून भूक लागलेली असते.

यात नवल काहीच नाही. फीनिक्सचे घड्याळ भारताच्या साडेबारा तास मागे चालते. तेथे दुपारचे साडेतीन म्हणजे मुंबईची पहाटेची चारची वेळ, आणि तेथील मध्यरात्रीचे साडेबारा म्हणजे आपल्या जेवणाची दुपारची एक. हे अंतर वर्षभर सारखेच राहते. कारण उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करण्याची अमेरिकेतील प्रथा ॲरिझोनाच्या बहुतेक भागाने १९६८ पासून सोडून दिली आहे. ज्या मुलखात सूर्य केव्हा एकदा मावळतो याची लोक वाट पाहतात, तेथे संध्याकाळचे ऊन लांबविण्याची हौस कोणास असणार?

आपली झोप, भूक आणि शरीराचे तापमान ही केवळ सूर्याच्या मागोमाग चालतात, असा समज दीर्घकाळ होता. १७२९ साली द मेरान या फ्रेंच शास्त्रज्ञाने अंधारात ठेवलेल्या लाजाळूसारख्या एका रोपाचे निरीक्षण केले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत. याचा अर्थ, घड्याळ रोपाच्या आतच होते. मनुष्यात हे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथे परस्परांस छेदतात त्याच्या किंचित वर आहे. सुमारे वीस हजार पेशींचा हा जोडपुंजका तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो. या पेशींत काही प्रथिने तयार होतात, साठतात, आपल्याच निर्मितीला लगाम घालतात आणि मग नष्ट होतात. या फेऱ्यास सुमारे एक दिवस लागतो. ही यंत्रणा फळमाशीत उलगडून दाखविल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग यांस २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या घड्याळाचा फेरा मात्र नेमका चोवीस तासांचा नसतो. बहुतेक माणसांत तो काही मिनिटे अधिक भरतो, आणि रोजच्या प्रकाशाने ते जुळवून घ्यावे लागते. म्हणूनच पश्चिमेकडील प्रवास, ज्यात दिवस लांबतो, तो पूर्वेकडील प्रवासापेक्षा सुसह्य वाटतो. पश्चिमेस जाताना शरीर दिवसाकाठी साधारण दीड तास सरकते, पूर्वेस जाताना सुमारे एकच तास. फीनिक्सचे साडेबारा तास म्हणजे जवळजवळ अर्धा फेराच. शरीराने पुढे जावे की मागे, याचाच प्रथम निर्णय व्हावा लागतो. मागे जाणे बरे. तरीही आठ-नऊ दिवस हिशेबात धरावेत.

हा निर्णय प्रकाशाच्या हाती असतो. नेहमीच्या जागे होण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचे तापमान सर्वांत खाली उतरते. त्या क्षणापूर्वी डोळ्यांत शिरलेला प्रकाश घड्याळ मागे सरकवितो. त्यानंतरचा प्रकाश ते पुढे ढकलतो. मुंबईत सहास उठणाऱ्या माणसाचा हा क्षण फीनिक्समध्ये पहिल्या दिवशी दुपारी साडेतीनच्या आसपास येतो. तेव्हा सकाळी व मध्यान्हीच्या सुमारास उजेडात राहावे, आणि साडेतीननंतर सूर्यास्तापर्यंत काळा चष्मा लावावा किंवा पडदे ओढून बसावे. दुसऱ्या दिवशी ही सीमा पाचच्या सुमारास, तिसऱ्या दिवशी साडेसहाच्या सुमारास जाते. पुढे सूर्यच मावळतो आणि हिशेब सोपा होतो.

परंतु वाळवंटी शहराची गोष्ट येथेच निराळी पडते. भर उन्हातील प्रकाश एक लक्ष लक्सच्या घरात असतो. दिवाणखान्यातील दिवे काही शेकड्यांच्या पुढे जात नाहीत. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्सचे कमाल तापमान सलग ३१ दिवस ४३ अंश सेल्सियसच्या वर राहिले. अशा दिवसांत पाहुणा रंगीत काचांच्या मोटारीतून वातानुकूलित घरात आणि तेथून वातानुकूलित दुकानात जातो. प्रकाशाच्या माहेरघरी येऊन तो अंधुक खोलीत राहतो, आणि त्याचे घड्याळ जागेवरून हलत नाही. यास उपाय म्हणजे दुपारची वाट न पाहता सूर्योदयानंतर लगेच, ऊन सोसवते तोवर, सावलीतून फिरून यावे. आकाशाचा उजेड सावलीतही पुरेसा असतो. पाण्याची बाटली बरोबर असावी. विमानातील शुष्क हवेतून आलेल्या शरीरास येथील हवाही ओलावा देत नाही, आणि घाम अंगावरच उडून गेल्याने तहान उशिरा जाणवते.

यकृतास व आतड्यांस स्वतःची घड्याळे असतात, व ती जेवणाच्या वेळांवर चालतात. मध्यरात्रीच्या भुकेस थोडक्यात वाटेस लावावे. मुख्य जेवण स्थानिक दिवसा घ्यावे. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र वेळापत्रक निघण्यापूर्वीच आपल्या वैद्यांकडून लिहून घ्यावे, कारण जेवणाच्या वेळा उलटल्या असता नेहमीची मात्रा घातक ठरू शकते. मुलांना भेटण्यास जाणाऱ्या वयस्क मंडळींच्या बाबतीत ही गोष्ट झोपेपेक्षाही महत्त्वाची आहे. तसेच पहिल्या दोन-तीन दिवसांत दुपारी मोटार हाकू नये. मुंबईची पहाट मेंदूत चालू असता रस्ता कितीही सरळ व रिकामा असला तरी तो निर्धोक नसतो.

याच वाळवंटात साग्वारो नावाचे उंच निवडुंग वाढते. दिवसाच्या तापात पाणी उडून जाऊ नये म्हणून ते आपली रंध्रे रात्री उघडते, कर्बद्विप्राणिद वायू आम्लरूपाने साठविते आणि दिवसा, रंध्रे मिटून, त्याचे अन्न करते. त्याची पांढरी फुलेही सूर्यास्तानंतरच उमलतात. रात्री वटवाघळे आणि सकाळी पारवे व मधमाश्या त्यांच्यावर येतात, आणि दुपारपर्यंत ती मिटलेली असतात. झोप न येणाऱ्या पाहुण्यास मे महिन्यात पहाटे तीनला ही फुले पूर्ण उमललेली पाहावयास मिळतात.