नव्या मोटारीतील दिव्यांची भाषा



ऊस पिवळा पडला की आपण आधी पान पाहतो, मूळ उकरतो, मगच खताचे पोते फोडतो. मोटारीचेही तसेच. गटात फिरताना आम्हाला हल्ली हमखास विचारले जाते, "साहेब, दिवा लागलाय, पण गाडी तर पळतेय. काय करायचं?"

आधी रंग पाहावा. तांबडा म्हणजे थांबा. ऑइलचा किंवा तापमानाचा तांबडा दिवा लागताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. "नाशिक आता आलंच" म्हणून तशीच हाकली, तर इंजिन जाम होते आणि उसाचे बिल त्यातच जाते. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

पिवळा म्हणजे लवकर दाखवा. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठावे. लुकलुकत असेल तर गाडी ओढू नये.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. मळा ते गाव एवढ्याच फेऱ्यांनी तो तुंबतो. त्याचा दिवा लागल्यास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोठ्या रस्त्याने एकसारख्या वेगात गाडी चालवावी. काजळी जळून जाते.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नये. दोषाची नोंद पुसते, दोष राहतोच. पाचटाच्या ढिगाजवळ गाडी लावू नये. उंदीर वायरी कुरतडतात.

गाडीबरोबरची पुस्तिका कपाटात न ठेवता गाडीतच ठेवावी, ही विनंती.